पाहुण्याच्या नावानं

"वहिनी, एक बटण दाबायचंय फक्त," कर्णे म्हणाले. "तेवढं केलंत की विषय संपला."

संज्योत कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर लॅपटॉप, डावा हात उशीवर. त्या हातातूनच डायलिसिसच्या सुया जायच्या, म्हणून ती त्यावर कधी भार पडू द्यायची नाही. कर्णे आमच्या तालुक्याच्या गावातल्या डायलिसिस सेंटरचे मॅनेजर. सेंटर एका ट्रस्टचं. आठवड्यातून तीनदा आम्ही तिथं जायचो. मॅनेजर आमच्या घरी यायची ती पहिलीच वेळ. येताना सफरचंदं आणली होती.

"कुठलं बटण?" संज्योतनं विचारलं.

त्यांनी मोबाईल तिच्यापुढे धरला. "हे पान तुमचंच ना?"

"पान माझं नाही. पानाची देखभाल मी करते."

"तेच ते."

"तेच ते नाही," ती म्हणाली.

हे थोडं सांगावं लागेल. संज्योत पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवायची. किडन्या गेल्यावर नोकरी सुटली. पण एक काम तिनं सोडलं नाही. तिच्या पुण्याच्या मित्रमंडळींनी 'पाठपुरावा' नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. कुठल्याही कामातल्या तक्रारी नोंदवायच्या, त्या कोणाकडे दिल्या, सुटल्या की नाही, ते बघायचं, एवढंच त्याचं काम. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, आतून उघडून पाहावं, हवं तर बदलावं. त्याची वेबसाइट संज्योत सांभाळायची. नवी आवृत्ती आली की ती डाउनलोडला लावायची, माहितीची पानं मराठीत लिहायची, तुटलेल्या लिंका जोडायची. पगार नव्हता. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यावर आमचं चालायचं.

त्या वेबसाइटवर एक डेमो होता. सॉफ्टवेअर घेण्याआधी लोकांनी वापरून बघावं म्हणून. त्यात शिरायला सगळ्यांना एकच नाव, 'पाहुणा'. काहीही लिहा, काहीही खोडा. महिनाअखेरीला सगळं पुसलं जाऊन पाटी कोरी व्हायची. वर लाल अक्षरात तसं लिहिलंही होतं. पण लाल अक्षरं वाचतो कोण?

सेंटरमध्ये सुई एका हातात असताना दुसऱ्या हातानं संज्योत लॅपटॉपवर काम करायची. आत जायच्या आधी व्हरांड्यातही तेच. तिथले दुसरे पेशंट गुंजाळ गुरुजी, त्यांच्या मुलीनं, प्राचीनं, ते पाहिलं आणि काय आहे म्हणून विचारलं. संज्योतनं पत्ता दिला. प्राचीनं तो व्हरांड्यातल्या सगळ्यांना दिला, आणि पेशंटच्या घरच्यांनी डेमोलाच तक्रारवही करून टाकलं. जवळजवळ सगळं तीन नंबरच्या मशीनबद्दल. हे मशीन लावलेल्या मापापेक्षा अंगातलं जास्त पाणी ओढतं. पोटऱ्या वळतात. बीपी एकदम पडतं. अलार्म वाजला की सिस्टर बंद करून जातात. 'दोन आठवड्यांपूर्वी एक बाई या मशीनवर बेशुद्ध पडली', हेही होतं. ती बाई म्हणजे संज्योत.

"जगात कोणालाही दिसतंय हे," कर्णे म्हणाले. "ट्रस्टची माणसं पुण्यवान आहेत, वहिनी. गरिबांसाठी करतात. त्यांना असं चव्हाट्यावर आणायचं?"

"महिनाअखेरीला पुसलं जाईल."

"आज पुसा."

"आज नाही. ठरलेल्या दिवशी."

"अहो, पुसायचंच आहे तर आज आणि तेव्हा यात फरक काय?"

"ठरलेल्या दिवशी पुसलं तर तो नियम असतो. आज पुसलं तर ते तुमचं काम केल्यासारखं होईल."

कर्णे हसले. मग माझ्याकडे वळले. "भोईटे, सकाळची पाळी बरी पडते ना तुम्हाला? दुपारी दुकान उघडता येतं. सकाळची पाळी मागणारे खूप आहेत हो. मी सगळ्यांना सांगतो, भोईटे वहिनींना हलवायचं नाही."

"आभारी आहोत," मी म्हणालो.

"आभार कसले! आपलीच माणसं." ते उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "सफरचंदं धुऊन घ्या. मेण लावतात हल्ली."

ते गेल्यावर मी संज्योतला म्हणालो, "पुसून टाक. तुझी सकाळची पाळी जाईल."

"ऐकलं मी."

"मग?"

"तुम्ही दुकानात जा. कोणाची मोटार अडली असेल."

दुसऱ्या दिवशी सेंटरच्या व्हरांड्यात प्राचीनं गाठलं. पाळी सुरू व्हायच्या आधी सगळे तिथं बाकांवर बसायचे. एकेकाला वजनकाट्यावर बोलवायचे. आत फक्त पेशंट, बाकीचे बाहेर.

"ताई, महिनाअखेरीला सगळं जाणार असं वर लिहिलंय," प्राची म्हणाली. "आमचं तेवढं ठेवा ना. बाकीच्यांचं पुसा."

"नाही ठेवता येत."

"का? तुमच्याच हातात आहे."

"म्हणूनच नाही."

"ताई, कोड्यात बोलू नका. आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलंय ते."

संज्योतनं लॅपटॉप उघडून तिच्याकडे फिरवला. "वाच. मोठ्यानं वाच."

प्राची वाचायला लागली. "तीन नंबरच्या मशीनवरचे..." ती थांबली. "हे मी असं नव्हतं लिहिलं."

"वाच पुढे."

"'तीन नंबरच्या मशीनवरचे पेशंट घरी पाणी जास्त पितात.' मी लिहिलं होतं, मशीन पाणी जास्त ओढतं."

"काल रात्री कोणीतरी बदललं. खाली 'निकाली' असा शेराही मारलाय. कोणी? पाहुण्यानं. तू पाहुणी, ते पाहुणे, मी पाहुणी. हे जपून काय करणार आहेस तू?"

बाकावरची माणसं जवळ आली होती. संज्योत थोडं वर तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. वर्गात बोलायची तशी. "मी याच वेबसाइटवर वेगळी जागा करून दिली आहे. तिथं ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला बदलता येणार नाही. मलाही नाही. लिहिलं त्या दिवसाची तारीख आपोआप पडेल. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्यानं लिहायचं. ऐकलेलं नको."

मागून एक जण म्हणाला, "नाव लिहायचं म्हणजे आपणच कर्णेसाहेबांच्या हातात यादी द्यायची."

"हो," संज्योत म्हणाली.

"तुमचं बरंय. तुम्हाला सकाळची पाळी. काल साहेब घरी येऊन गेले म्हणे."

"आले होते."

"सफरचंदं घेऊन," दुसरं कोणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले. गाव लहान आहे.

संज्योतनं तिकडे पाहिलंही नाही. ती गुंजाळ गुरुजींकडे वळली. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलेला माणूस. तिच्या शेजारच्या खुर्चीवर, दोन नंबरच्या मशीनला ते असायचे.

"गुरुजी, त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी होता. मी बेशुद्ध होते, मला काही आठवत नाही. तुम्ही लिहाल?"

गुरुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. "बाई, नाव लिहिलं की खुर्ची जाते. खुर्ची गेली की मी किती दिवस?"

"माहीत आहे मला किती दिवस. मीही त्याच रांगेत आहे."

"मग मला कशाला विचारता?"

"गुरुजी, इतकी वर्षं मुलांना काय शिकवलंत हो?"

एवढंच ती म्हणाली. आवाज चढवून नाही, माहिती विचारावी तसं. गुरुजी उठले आणि त्यांची पाळी नसताना वजनकाट्यापाशी जाऊन उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून. प्राची संज्योतला म्हणाली, "तुमच्यासारखी निर्दय बाई मी पाहिली नाही."

"मग तू लिही. तू काय पाहिलंस?"

"मी बाहेर असते. मला बाबांनी सांगितलं."

"मग तुझं नाही चालणार."

तेवढ्यात मालनबाई जगदाळे बाकावरून बोलल्या. त्याही आमच्याच पाळीतल्या पेशंट. शेतातल्या बाई, कपाळाला मोठं गोंदण. "मला काय लिव्हता येत न्हाई बाई. पर डोळं हायत. म्या सांगते, तू लिव्ह."

"मी लिहिणार नाही, मावशी. प्राची लिहील तुमच्या नावानं, तुम्ही सांगाल तसं. मग बटण तुम्ही दाबायचं."

"दाबीन की. उसाच्या मोटारीचं दाबते, ह्ये काय जड हाय?"

तीन नंबरवर आपल्याला काय काय झालं ते त्यांनी सांगितलं, प्राचीनं रागारागात लिहून घेतलं. मालनबाईंनी अंगठ्यानं बटण दाबलं. दुसरी नोंद संज्योतची. तिनं तारखांसह फक्त आधीचं आणि नंतरचं वजन लिहिलं. दोन लिटर पाणी काढायचं लावलं होतं, तीनच्या वर गेलं. बेशुद्ध पडल्याचा एक शब्द नाही.

मी घरी विचारलं, "ते का नाही लिहिलंस? सगळ्यात मोठी गोष्ट तीच."

"मी बेशुद्ध होते. मी कसं लिहू?"

मग मी स्वतः लिहायचं ठरवलं. तिनं शिकवलं होतं तसं नाव घातलं, पासवर्ड केला आणि लिहिलं, 'माझी पत्नी संज्योत तीन नंबरच्या मशीनवर बेशुद्ध झाली. सिस्टरांनी अलार्म बंद केला होता. मला बाहेरून बोलावलं तेव्हा तिचे ओठ पांढरे होते.' मला बरं वाटलं. तिच्या नावाखाली माझं नाव.

संध्याकाळी तिनं वाचलं. "अलार्म बंद केलेला तुम्ही पाहिलात?"

"नाही. पण सगळे म्हणतात."

"मशीन पाहिलंत?"

"आत कुठं सोडतात?"

"ओठ पाहिलेत, तेवढं ठेवा. बाकी काढा."

"अगं, मी नवरा आहे तुझा."

"म्हणून तर. पहिलं बोट तुमच्या नोंदीवर ठेवतील आणि म्हणतील, नवरा-बायकोनं रचलंय. मग मालनमावशींचंही खोटं ठरेल." तिनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "मला नाही काढता येत. तुम्हीच काढा."

मी काढलं. 'ओठ पांढरे होते' एवढं एकटंच वाचायला वाईट दिसत होतं. म्हणून तेही काढलं.

महिनाअखेरीला डेमो पुसला गेला, दर महिन्यासारखा. व्हरांड्यात कोणी आमच्याशी बोलेना. मी बाकावर बसलो की शेजारची पिशवी उचलून माणूस पलीकडे सरकायचा. प्राची एकदाच तोंडावर बोलली, "शेवटी साहेबांचं काम केलंत ना." संज्योत म्हणाली, "तुझे बाबा आले का?" जणू काही झालंच नाही.

वेगळ्या जागेत दोनच नावं राहिली. तिनं त्या पानाचा पत्ता ट्रस्टच्या सगळ्या विश्वस्तांना पाठवला आणि जिल्ह्याच्या आरोग्य खात्यालाही. आठवड्याच्या आत कर्ण्यांचा फोन आला, मला.

"भोईटे, वेळापत्रक बदललंय हो. मशीन कमी, पेशंट जास्त. वहिनींना बसवता येत नाहीये. साताऱ्याला चौकशी करा, तिथं सोय चांगली आहे."

"साहेब, तिला एवढा प्रवास झेपायचा नाही."

"मला का समजत नाही? मलाही वाईट वाटतं. आम्ही वहिनींसाठी प्रार्थना करू."

मालनबाईंची खुर्ची त्यांनी काढली नाही. त्यांना कायमचं तीन नंबरचं मशीन दिलं.

आम्ही एसटीनं साताऱ्याला जायला लागलो. जाताना ती खिडकीशी बसायची, येताना माझ्या खांद्यावर मान टाकायची. लॅपटॉप माझ्या मांडीवर असायचा. ती डोळे मिटून सांगायची आणि मी करायचो. नवी आवृत्ती कुठं चढवायची, लिंक तुटली ते कसं कळतं, डेमो पुसला गेला की नाही हे महिन्याच्या एक तारखेला बघायचं. मला वाटायचं, वेळ जावा म्हणून शिकवते आहे.

एकदा विचारलं, "लोकांचं डेमोतलं सगळं तू तिकडे हलवू शकली असतीस ना?"

"एका मिनिटात."

"मग का नाही केलंस? इतके शत्रू झाले."

"वेबसाइट माझ्या हातात. पेशंटही मी. कर्णे म्हणाले असते, सगळं एका बाईनं बसून लिहिलंय. काय उत्तर होतं?"

"गुरुजींना तसं बोलायला नको होतं तू."

"मी खोटं बोलले का?"

"खोटं नाही."

"मग झालं. एक घोट पाणी द्या." आणि मी बाटलीचं झाकण भरून दिलं. तेवढंच चालायचं तिला.

मालनबाई दर वेळी सेंटरमधून बाहेर आल्या की फोन करायच्या. "प्राचीला सांगितलंय बाई, लिव्हलं तिनं. आज पाय वळला दोनदा. वजन एवढं व्हतं, एवढं राह्यलं." नवी तारीख, नवी नोंद. प्राची लिहून द्यायची, मालनबाई बटण दाबायच्या. मी एकदा म्हणालो, "मावशी, नाव मागं घ्या, तुम्हाला दुसरं मशीन देतील." त्या म्हणाल्या, "लिव्हल्यालं मागं कसं घ्यायचं त्ये शिकिवलंच न्हाई हिनं." आणि हसल्या. हसताना धाप लागत होती.

अशा नोंदींची रांग झाली तेव्हा जिल्ह्याहून माणसं आली. मशीन उघडलं, तपासलं, सील केलं. नवीन मशीन आलं ते उन्हाळ्यात. संज्योतच्या छातीत प्रवासातच सर्दी बसली होती. त्याआधीच, माघात, ती साताऱ्याच्या दवाखान्यात वारली. मालनबाई तिच्याआधी महिनाभर.

पुण्याच्या लोकांनी मला विचारलं, वेबसाइट दुसऱ्या कोणाकडे देऊ का. मी म्हणालो, मला येते. आता सात वर्षं मीच बघतो. दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल आहे, तिथं.

नवीन मशीन आलं त्याच वर्षीच्या पावसाळ्यात प्राची आणि गुंजाळ गुरुजी दुकानात आले. गुरुजींची तब्येत चांगली दिसत होती. मी मोटारीचं कॉइल खाली ठेवलं आणि हात पुसले.

"भोईटेकाका, एक काम होतं," प्राची म्हणाली. "ट्रस्ट पंधरा ऑगस्टला जागरूक रुग्णांचा सत्कार करणार आहे. मशीन बदलायला ज्यांनी आवाज उठवला त्यांचा. तुमच्या पानावरची नावं घेणार आहेत."

"त्यावर दोन नावं आहेत. दोन्ही गेली."

"म्हणूनच कर्णेसाहेब म्हणाले, हयात कोणीतरी पाहिजे. बाबांनी सगळं पाहिलंय. त्यांचं नाव घाला ना."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते दुकानातल्या मोटारींकडे बघत होते. नाही म्हणावं असं फार वाटलं. पण ज्यानं पाहिलं त्यानं लिहावं, असं तिनंच ठरवलं होतं. कधीपर्यंत, ते काही म्हणाली नव्हती.

"या आत," मी म्हणालो.

गुरुजी टेबलापाशी बसले. मी त्यांचं नाव घातलं, पासवर्ड करून दिला. ते सांगत होते आणि प्राची लिहीत होती. शिक्षकाचं सांगणं, एकही वाक्य अर्धवट नाही.

"तीन नंबरच्या मशीनचा अलार्म वाजला. सिस्टरांनी येऊन तो बंद केला आणि त्या गेल्या. पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला. श्रीमती भोईटे यांनी डोके उचलण्याचा प्रयत्न केला. त्यांनी हाक मारली." ते थांबले.

"कोणाला?" मी विचारलं.

"'अहो' म्हणाल्या. दारात कोण आहे ते बघत होत्या. पुन्हा 'अहो' म्हणाल्या. मला वाटलं, सिस्टर येतील. घंटेचं बटण माझ्या खुर्चीला होतं. मला वाटलं, येतीलच." त्यांनी प्राचीकडे पाहिलं. "ते घंटेचं घेऊ नकोस."

प्राचीनं तेवढं सोडून सगळं लिहिलं. पडद्यावर ओळ आली. 'त्यांनी पतीला दोन वेळा हाक मारली.' मी ती वाचली. मी त्या वेळी दारापलीकडे बाकावर बसलेलो होतो. तिनं हाक मारली होती हे मला आता कळलं.

"तारीख मागची टाकता येईल का, काका?" प्राचीनं विचारलं. "त्या वेळची?"

"तारीख मी टाकत नाही. आजची पडेल."

"बरं, आजची तर आजची."

मालनबाई दाबायच्या तेच बटण गुरुजींनी दाबलं. नोंद पानावर आली, खाली त्यांचं पूर्ण नाव. गुरुजींनी चष्मा लावून ती पहिल्यापासून वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"भोईटे," ते म्हणाले, "हे सत्काराच्या वेळी स्टेजवरून वाचून दाखवणार आहेत. ते हाक मारल्याचं बरं नाही वाटणार. लोक विचारतील, शेजारी कोण होतं. तेवढी ओळ काढून टाका."

"मला काढता येत नाही, गुरुजी. तुमची नोंद आहे. माझा हात तिथं चालत नाही."

"मग कोण काढणार?"

"तुम्ही."

त्यांनी माउस हातात घेतला. सवय नव्हती, बाण इकडेतिकडे पळत होता. प्राची म्हणाली, "थांबा बाबा, मी करते," पण ते म्हणाले, "नाव माझं आहे, मला करू दे." त्यांनी ती ओळ एकेक अक्षर मागे जात खोडली. मग माझ्याकडे पाहिलं.

"आता कुठलं बटण?"

"उजवीकडचं," मी म्हणालो. "हिरवं."